मधला थर

आषाढात बुरोंडीत बसून थंडीच्या कपड्यांवरून वाद घालायचा, हे ऐकणाऱ्याला विचित्र वाटेल. या दिवसांत इथे कुणाला स्वेटर लागत नाही. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारीला बंदी असते, होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या असतात, टेकाडावरची परशुरामाची मूर्ती आणि तिच्या पायाखालचा पृथ्वीचा अर्धगोल पावसात तासन् तास दिसत नाही, आणि दांडीवर टाकलेला पंचा दुसऱ्या दिवशीही दमटच हाताला लागतो. पण ओल म्हणजे काय हे ज्या गावाला पक्कं ठाऊक आहे, तिथेच हा वाद व्हावा, असं मला वाटतं. थंडीच्या कपड्यांबद्दल आपण बोलतो तेव्हा मनात कोरडी थंडी असते : हुरड्याची, शेकोटीची, पहाटेच्या बसस्टँडवरची. डोंगरात माणसाला गाठते ती थंडी बहुधा ओली असते.

मामा बोटीवर होते. रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावरून कितीतरी माणसं व्यापारी जहाजांवर खलाशी म्हणून गेली, त्यांतले ते एक. उत्तर समुद्रातले हिवाळे त्यांनी डेकवर काढले आहेत. त्यांचा विश्वास लोकरीवर. मी पुण्याला असते, डोंगरात चालते, आणि ऑगस्टच्या सुरुवातीला कुलूच्या खोऱ्यातून हामटा खिंड चढून पलीकडे लाहौलमध्ये उतरणार आहे. माझी निवड फ्लीसची, म्हणजे शर्ट आणि कोट यांच्या मधल्या थराच्या मऊ, केसाळ पॉलिस्टर कापडाची, तीही पातळ फ्लीसची. ती सॅकमधून काढून मी पडवीतल्या झोपाळ्यावर ठेवली आणि तिथून बोलणं सुरू झालं.

मामा : हे एवढंसं घालून तू चौदा हजार फुटांवर जाणार? उजेडात धरलं तर पलीकडचं दिसतंय गो यातून.

मी : दिसू दे, मामा. हे चालताना अंगावर ठेवायचं आहे.

मामा : आणि थांबल्यावर?

मी : थांबल्यावर दुसरं काही. पण आधी चालण्याचं बघू. जोब्रापासून चिका, चिकापासून बालू का घेरा, ही हामट्याची कुलूकडची बाजू ऑगस्टमध्ये पावसातच चढावी लागते. पाठीवर सॅक, अंगावर रेनकोट. बाहेरचं पाणी कोट अडवतो, पण चढणीवर माणूस आतून भिजतो. त्या घामाचं काय करायचं?

मामा : घाम बाहेर सोडणारे कोट मिळतात म्हणे हल्ली. पैसे टाक आणि तसला घे.

मी : घेतलाय. नवा असतो तोवर वरून थेंब घरंगळून जातात. वापरानं आणि मळानं तो गुण कमी होतो, वरचं कापड पाणी धरायला लागतं, आणि मग आतल्या वाफेला बाहेर पडायची वाट उरत नाही. शिवाय बाहेरची हवाच पाण्यानं भरलेली असेल तर वाफ जाणार कुठे? तुमचा पंचा दांडीवर का वाळत नाही? त्याच कारणानं. कोट कितीही भारी असला तरी दिवसभराच्या पावसात आतलं माणूस ओलं होणार, हे धरूनच त्याच्या आतला कपडा निवडायचा.

दुकानात फ्लीस चाचपणाऱ्या प्रत्येकाला मला हेच सांगावंसं वाटतं. तिथे आपण कोरडा कपडा कोरड्या हातानं दाबून बघतो आणि जो जाड, मऊ, गुबगुबीत लागतो तो उचलतो. प्रश्न वेगळा विचारायला हवा : हा कपडा ओला झाल्यावर कसा वागेल? ऊब कापडात नसते, कापडाच्या तंतूंमध्ये अडकलेल्या हवेत असते. त्या हवेची जागा पाण्यानं घेतली की खेळ बदलतो, कारण पाणी हवेपेक्षा साधारण पंचवीस पट वेगानं उष्णता वाहून नेतं. फ्लीसचा तंतू पॉलिस्टरचा. तो स्वतःच्या वजनाच्या एक टक्कासुद्धा पाणी आत घेत नाही. म्हणजे फ्लीस भिजत नाही असं मात्र नाही. तंतूंच्या मधल्या पोकळ्यांत पाणी साठतंच. पण ते पोकळ्यांतच असल्यामुळे पिळलं, झटकलं की बरंचसं निघून जातं आणि उरलेलं अंगाच्या उबेनं बाहेरच्या बाजूला सरकत राहतं. सुती बनियन याच्या अगदी उलट : तंतू आतून फुगतो, कापड अंगाला चिकटतं आणि तासन् तास गार राहतं. वरती कितीही चांगली फ्लीस असली आणि तिच्या आत घरचा सुती गंजी असला, तर फ्लीसवर घातलेले पैसे फुकट गेले.

मामा : सुताचं मला सांगू नकोस. सुती गंजी घालून डेकवर कोण उभं राहतं? पण लोकर पाणी पिते आणि पिऊनही ऊब देते. चार चार तासांचा वॉच, म्हणजे डेकवरचा पहारा, मी लोकरीच्या स्वेटरवर काढलाय. वरून ऑइलस्किन, तेल पाजलेला कोट.

मी : लोकरीचं खरंच आहे. आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी वाफ ती पोटात घेते आणि हाताला ओली लागत नाही. वाफ शोषताना थोडी उष्णताही सोडते.

मामा : मग?

मी : मग ती पूर्ण भिजली तर? वाफेनं नाही, पाण्यानं?

बादली जवळच होती. मामांचा जुना स्वेटर आणि माझी फ्लीस एकाच पाण्यात बुडवली, दोन्ही पिळली. फ्लीस दोनतीनदा झटकल्यावर मामांनी ती गालाला लावून पाहिली आणि काही बोलले नाहीत. स्वेटर दोन्ही हातांनी उचलावा लागला, त्याच्या बाह्या गुडघ्यापर्यंत ओघळल्या. चुलीवरच्या दांडीवर दोन्ही टाकले तेव्हा रात्रीच्या जेवणापर्यंत फ्लीस घालण्याजोगी झाली होती. स्वेटर त्यानंतरही बराच काळ ओला राहिला.

मामा : बरं, पण ही परीक्षा कुणाची केलीस? डेकवर मी भिजायचो ते फवाऱ्यानं, आणि ऑइलस्किन होतं म्हणून तेही थोडंच. मी उभा असायचो. घाम कुठून येणार? तू चालतेस. तुझं पाणी आतून येतं, माझं बाहेरून. स्वेटर माझ्या कामाला बरोबर होता.

माझ्या मते या सगळ्या बोलण्यातला कळीचा मुद्दा हाच, आणि तो मामांनी काढला. थंड ओल्या हवेत कपडा ठरतो तो तापमानावरून कमी आणि माणूस काय करतो आहे यावरून जास्त. उभ्या माणसाचा कपडा आणि चढणाऱ्या माणसाचा कपडा एक असू शकत नाही. आपल्याकडच्या डोंगरवाटांवर नेमकी इथेच गल्लत होते : तंबूबाहेर चहा पिताना छान वाटणारी जाड फ्लीस सकाळी तशीच अंगावर ठेवून माणूस चढायला लागतो.

मामा : तिकडच्या मच्छीमारांच्या अंगात मात्र मी लोकर नसलेलं पाहिलंय. नॉर्वेच्या बोटींवर. आतून केसाळ, अस्वलासारखं काहीतरी. वरून रबरी कोट. तेव्हा मला वाटलं, गरीब लोक, लोकर परवडत नसेल.

मी : ते फ्लीसचे आजोबा! हेली हान्सन नावाची नॉर्वेची कंपनी आहे. १८७७ साली एका जहाजाच्या कप्तानानं काढली, जवसाच्या तेलात भिजवलेल्या लिननच्या कापडाचे कोट करायला. त्याच कंपनीनं १९६१ साली कृत्रिम तंतूंचं ते केसाळ कापड आणलं. थंडीत, ओल्यात काम करणाऱ्यांसाठीच. उत्तर अटलांटिकच्या मच्छीमारांचे असे केसाळ स्वेटर पाहून अमेरिकेतल्या गिर्यारोहकांना ते डोंगरात वापरायची कल्पना सुचली. पॅटागोनिया कंपनीचा इव्हॉन शुइनार्ड त्यांतला एक. ते पहिलं कापड वापरानं गोळे धरायचं. मग मॅसॅच्युसेट्समधल्या मॉल्डन मिल्स या गिरणीबरोबर काम करून आजची मऊ, दोन्ही बाजूंनी केस उठवलेली फ्लीस तयार झाली, १९७९च्या सुमाराला.

मामा : म्हणजे तुमचं डोंगरातलं कापड मुळात दर्यावरचं.

मी : हो, तुमचंच.

मामा : मग जाड का घेत नाहीस? ते नॉर्वेचं चांगलं जाड होतं.

जाडीचा हिशेब सोपा आहे. फ्लीसचं वजन एका चौरस मीटरला किती ग्रॅम यावर मोजतात आणि ढोबळमानानं १००, २०० आणि ३०० असे तीन वर्ग धरतात. ३०० ची फ्लीस कोरड्या थंडीत, बसल्या जागी उत्तम. ओल्यात ती सर्वांत जास्त पाणी धरते, सर्वांत उशिरा वाळते, सॅकची निम्मी जागा खाते आणि चढणीवर घातली तर माणसाला आतून भिजवते. २०० ची घेऊन पुष्कळ लोक हिमालयात जातात, आणि सावकाश चालणाऱ्याला, लवकर गारठणाऱ्याला ती बरी. मी १०० च्या आसपासची घेते, त्यातही आतून चौकडीचे उंचवटे असलेली : उंचवट्यांत हवा राहते, मधल्या चऱ्यांतून घामाची वाफ निघून जाते. ऊब कमी पडली तर आत आणखी एक पातळ थर घालता येतो. जाड फ्लीसचं अर्धं काढून ठेवता येत नाही.

मामा : आणि वारा? हे तर चाळणीसारखं आहे. वारा सरळ आत.

मी : सरळ आत. म्हणूनच चढताना ते मला हवंय. वारा लागला की वरून कोट चढवायचा. वारा न लागणारी फ्लीसही मिळते, आत पातळ पडदा चिकटवलेली. दुकानदार ती आधी दाखवतो, कारण महाग असते. ओल्या प्रदेशात मी ती घेणार नाही. पडदा वाऱ्याबरोबर वाफही अडवतो, आणि एकदा भिजली की वाळता वाळत नाही. वारा अडवायचं काम कोटाचं, ऊब धरायचं फ्लीसचं. दोन्ही एकाच कपड्यात कोंबली की दोन्ही अर्धवट होतात.

मामा : अर्धवट म्हणजे किती? वारा आणि ओल एकत्र आले की डेकवर माणूस अर्ध्या तासात बधिर होतो. तुला ठाऊक नाही.

मला वाचून ठाऊक आहे. मार्च १९६४ मध्ये इंग्लंडच्या पीक डिस्ट्रिक्टमध्ये 'फोर इन्स वॉक' या लांब पल्ल्याच्या चालण्यात तीन तरुण रोव्हर स्काउट गारठून मरण पावले. हिमालय नाही, बर्फाचं वादळ नाही, उंची आपल्या कळसूबाईच्या निम्म्याहून कमी. पाऊस, वारा आणि शून्याच्या थोडं वर तापमान. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेत शरीरशास्त्रज्ञ म्हणून गेलेल्या ग्रिफिथ प्यू यांनी त्या घटनेचा अभ्यास केला. कपडे ओले झाले आणि वर वारा लागला की त्यांची ऊब धरण्याची शक्ती किती कोसळते, हे त्यांनी मोजून दाखवलं. थकलेला माणूस हळू चालतो, हळू चालल्यानं शरीरात उष्णता कमी तयार होते, आणि ओले कपडे ती आणखी वेगानं ओढून घेतात. शरीराच्या आतलं तापमान ३५ अंशांखाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. आपल्याकडेही जून २०२४ मध्ये उत्तराखंडातल्या सहस्रतालच्या वाटेवर २२ जणांचा गट, बहुतेक कर्नाटकातले, खराब हवेत सापडला आणि त्यांतले नऊ जण परत आले नाहीत. अंगात काय होतं एवढ्यावर असे प्रसंग ठरत नाहीत. वेळ, वय, दमणूक, वाटाड्या, परत फिरण्याचा निर्णय, सगळं त्यात येतं. पण कपडा हा असा एक भाग आहे, जो घरी बसून, शांतपणे, आधी ठरवता येतो.

मामा : आपल्या लोकांनी हे कधीच ठरवलंय. घाटावरचा धनगर भर पावसात मेंढरांमागे उभा असतो तो घोंगडीवर. तुझ्या पॉलिस्टरच्या शेकडो वर्षं आधी.

मी : घोंगडीला मी नाही म्हणणारच नाही. दख्खनी मेंढीची राठ लोकर, सनगरांनी विणलेली, वरून चिंचोक्याची खळ. घट्ट होते, पावसाला दाद देत नाही, वारा अडवते. पण ती तुमच्या वॉचसारखीच, उभ्या माणसाची. सॅक घेऊन चढणाऱ्यानं ती पांघरली तर?

मामा : घामाघूम होईल. आणि वजनानंच बसेल. पण मग इरल्याचं काय? इरलं घेऊन बायका दिवसभर वाकून लावणी करतात. ते काही उभं राहणं नव्हे.

इरल्याचा विचार मी केला नव्हता, आणि मामांनी काढल्यापासून तो डोक्यातून जात नाही. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यात पानं भरलेली, डोक्यापासून कमरेखालपर्यंत पाठ झाकणारं. दोन्ही हात मोकळे. अंगाला कुठेही चिकटत नाही, खालून आणि पुढून हवा खेळत राहते, म्हणून वाकून कष्ट करणारी बाई पावसानं भिजत नाही आणि घामानंही फारशी नाही. घाम सोडणाऱ्या कोटाचा प्रश्न कोकणानं पाण्याची वाफ अडवणारं काही अंगाला लावायचंच नाही, अशा रीतीनं सोडवला होता. आज प्लॅस्टिकच्या खोळी आल्या आणि इरली थोड्याच घरांत राहिली. सह्याद्रीतल्या पावसाळी ट्रेकसाठी माझा सल्ला इरल्याच्याच बाजूनं पडतो. रसाळगड-सुमारगड-महिपतगडाच्या वाटेवर जुलैत चालताना फ्लीस अंगात नको, सॅकच्या तळाशी प्लॅस्टिकमध्ये बांधून असू दे. चालताना पातळ पॉलिस्टरचा शर्ट, आणि पावसाला सैल पॉन्चो किंवा झाडीत अडत नसेल तर छत्रीसुद्धा. भिजायचंच आहे. माथ्यावर वाऱ्यात थांबलात की मग फ्लीस आणि वर कोट. दर हजार मीटरला हवा साधारण सहा अंशांनी थंड होते. १,६४६ मीटरच्या कळसूबाईवर आणि ४,२७० मीटरच्या हामट्यावर एकच उत्तर चालणार नाही.

मामा : चल, चालताना तुझं पातळ कापड, मान्य. आता दुसरं विचारतो. हे धुतेस कुठे?

मी : इथे आले की इथेच. मोरीत.

मामा : मोरीचं पाणी माडाच्या आळ्यात, आळं भरलं की पऱ्ह्यात, पऱ्ह्या समुद्रात. यातून धागे सुटतात म्हणतात.

मी : सुटतात. २०११ साली मार्क ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा खंडांवरच्या १८ किनाऱ्यांची वाळू तपासली, सगळीकडे असे सूक्ष्म तंतू सापडले. एका कपड्याच्या एका धुण्यात १,९०० हून जास्त तंतू निघू शकतात, हेही त्यांनीच दाखवलं. फ्लीस त्यात पुढे.

मामा : मग? लोकर कुजते. हे कुजत नाही. आमचे मासे ते खाणार.

मी : जाळीसुद्धा नायलॉनचीच आहेत, मामा.

मामा : म्हणूनच सांगतो. सुताची जाळी गेली, नायलॉनची आली, तुटकी जाळी पाण्यात राहायला लागली ते आम्ही डोळ्यांनी बघितलंय. आणखी एक कशाला?

याला माझ्याकडे पुरेसं उत्तर नाही, आणि जुन्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांपासून फ्लीस बनते हे उत्तर मी देणार नाही, कारण धागे तिचेही सुटतात. मी एवढं करते : एकच फ्लीस घेते आणि ती विरेपर्यंत वापरते, दर वेळी धूत नाही, वाऱ्यावर टाकते, धुतलीच तर गार पाण्यात, न घासता. घामाचा वास पॉलिस्टरमध्ये राहतो. तो सोसावा. शहरात ऑफिसला जाताना, एसीच्या गारव्याला, फॅशन म्हणून फ्लीस घालणं मात्र मला आता पटत नाही. तिथे लोकर किंवा सूत उत्तम चालतं. जिथे ओल आणि थंडी एकत्र जिवावर बेतू शकतात, तिथपुरतं हे कापड राखून ठेवावं.

मामा : रात्रीचं काय ठरवलंस?

मी : रात्री तुमचं ऐकणार. कोरड्या कपड्यांचा एक जोड, फक्त तंबूत घालायचा, काहीही झालं तरी चालताना नाही. त्यात पातळ लोकरीचा बनियन आणि लोकरीचे मोजे. वास येत नाही, ऊब देते, आणि स्टोव्हची ठिणगी उडाली तर फ्लीससारखी वितळत नाही.

मामा : आणि माझा स्वेटर?

मी : तो फार जड आहे, मामा. त्याच्याऐवजी पिसांचं जॅकेट, तेही फक्त मुक्कामावर. भिजलं तर त्याच्याइतकं निरुपयोगी काही नाही, म्हणून दुहेरी पिशवीत.

मामा : स्वेटर भिजला तरी स्वेटर असतो. पिसं भिजली की चिखल.

यावर आमचं एकमत झालं नाही. मामांच्या म्हणण्यात तथ्य आहे. मी वजनासाठी धोका पत्करते, ते वजन उचलून धोका टाळतात. पण बाकीच्या निवडीवर त्यांनी एकेक वस्तू हातात घेऊन शेरा दिला. पुढे छातीपर्यंत उघडणारी झिप : बरी, चढताना उघडता येईल. बाही अंगठ्यापर्यंत : बरी, मनगट गार पडलं की हात कामातून जातात. पोटाशी खिसे : नकोत, सॅकचा पट्टा तिथेच बसतो. हूड : कोटाला आहे, दोन नकोत. माप : आत एक पातळ थर मावेल इतकं, पण लोंबणारं नाही. सैल कपड्यात गरम हवा टिकत नाही.

मामा : आणि अंगावर चढवायची कधी?

मी : थंडी वाजायच्या आधी. थांबलं की लगेच, घाम अंगावर असतानाच. निघताना काढायची, पहिली दहा मिनिटं थोडं गार वाटलं तरी.

मामा : आणि बरोबरचा कुणी कुडकुडायला लागला?

मी : तोवर बरं असतं. खायला द्यायचं, चालत ठेवायचं, वारा चुकवायचा. कुडकुडणं थांबलं, बोलणं अडखळलं, बटणं लागेनात, तर तिथेच थांबून आडोसा करायचा, ओलं सगळं उतरवून कोरडा जोड त्याच्या अंगावर.

मामा : तुझा?

मी : माझा.

मामा : मग कोरडे जोड दोन ने. स्वेटरचं वजन वाचलंय ना?

दुसरा जोड आता सॅकमध्ये आहे, खताच्या पोत्यातल्या जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, तोंडाला सुतळी बांधून.